आवळायचे राहिलेले बोल्ट

गुणाजी परबाला असल्फ्याच्या रस्त्यावर सगळे सरळ माणूस म्हणत. गॅरेजच्या धंद्यात असं नाव मिळवायचं म्हणजे खायचं काम नाही. गाडी उद्या होणार नसेल तर तो ‘उद्या या’ म्हणत नसे, आणि जुना पार्ट रॉकेलनं धुऊन नवा म्हणून बसवत नसे. म्हणून त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर तो जे दोनदा बोलला, एकदा अर्धवट खरं आणि एकदा सपशेल खोटं, ते त्याला पचलं नाही. सवयीच्या माणसाला खोटं पचतं. याला सवय कुठे होती?

साल पंच्याऐंशी. गिरण्यांचा संप सुरू होऊन साडेतीन वर्षं झाली होती. संप मिटला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, पण मिटलाय हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. गुणाजी परळच्या एका गिरणीत फिटर होता, आणि भीमराज ओव्हाळ तिथल्याच वर्कशॉपात वेल्डर. एक कणकवलीकडचा, दुसरा नगर जिल्ह्यातला. दहा-बारा वर्षं दोघांनी एका बाकावर बसून एकमेकांचे डबे खाल्ले होते. गिरणी बंद पडल्यावर गुणाजीनं घाटकोपरला असल्फ्याला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, आणि पहिल्याच दिवशी भीमराज आपला वेल्डिंगचा होल्डर खांद्यावर टाकून येऊन उभा राहिला. “तू आवळ, मी जोडतो,” म्हणाला. तेव्हापासून तसंच चाललं होतं.

भीमराजची वेल्डिंगची घमेंड मात्र पाहण्यासारखी. मिशी चांगली झुपकेदार, आणि बोलताना तिला पीळ. “माझा जोड सुटला तर मिशी उतरवीन,” हे तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा. आजवर मिशी शाबूत होती.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला पार्ल्याचे श्यामकांत कीर्तिकर आपली जीप घेऊन शेडमध्ये आले. लष्करातून लिलावात निघालेली जुनी जीप. माणूस चाळिशीचा, खाऊनपिऊन सुखी, आणि असल्या माणसाला जे वेड लागतं ते लागलेलं. दसऱ्यानंतर नाशिककडच्या डोंगरात तीन दिवस जीपांची शर्यत होती. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकातले फोटो आणले होते. गाडी सरळ, आणि मागचं एक चाक हातभर खाली खड्ड्यात लोंबतंय.

“मिस्त्री, मला हे पाहिजे,” कीर्तिकर म्हणाले. “खड्डा आला तर चाकानं खड्ड्यात जावं, गाडीनं जाऊ नये.”

भीमराज गुणाजीच्या कानाशी लागला. “याला जीप नको रे, माकड पाहिजे.”

पण दोघांनाही ते काम लागलं. लागलं म्हणजे वेडच. जीपचं मागचं ओझं ज्यांच्यावर तोललेलं असतं ते पोलादी पट्ट्यांचे थर, गॅरेजात ज्यांना पाटे म्हणतात, ते या जीपला आखूड आणि ताठ होते. खड्डा आला की पाटा वाकायचा नाही, गाडीच उडायची. दोघांनी कुर्ल्याचं भंगार चार रविवार पालथं घातलं आणि एका विलायती मोटारीचे लांब, पातळ पाटे शोधून काढले. ते बसायला जीपची चासी मागून वाढवावी लागली. पाटा लोंबकळतो ती कडी लांब केली. एकेका चाकाला दोन-दोन शॉकअप लावले. चाक खाली गेल्यावर मागे ताकद नेणारा दांडा निसटू नये म्हणून तो ज्यात सरकतो ती बाही साकीनाक्याच्या लेथवर लांब करून आणली. आणि चाक हद्दीबाहेर लोंबू नये म्हणून गिरणीच्या जुन्या मशीन-बेल्टचे दुहेरी तुकडे दोन्हीकडून बांधले. ही शेवटची युक्ती गुणाजीची. भीमराज म्हणाला, “गिरणीनं पगार नाही दिला, बेल्ट तरी दिला.”

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मागच्या आसाच्या लोखंडी नळकांड्यावरची बैठक. तिच्यावर पाटा बसतो, आणि वाकवलेले यू-बोल्ट पाटा आणि आस मिळून आवळून धरतात. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. एकूण चार. बैठका भीमराजनं जोडल्या. दोन दिवस लागले. थर देत गेला, प्रत्येक थर घासून पुढचा देत गेला, आणि शेवटी गुणाजीला बोट फिरवायला लावलं. जोड शिंपल्याच्या पाठीसारखा एकसारखा होता.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी एका मागच्या चाकाखाली दीड फुटाचा ठोकळा सरकवला. ते चाक वर गेलं, पाटा सुखानं वाकला, आणि उरलेली तिन्ही चाकं जमिनीला चिकटून राहिली. दोघंही पोरांसारखे हसले. कीर्तिकरांनी तर भीमराजला तिथल्या तिथे विचारलं, “तुम्ही मुलुंडला का नाही येत? माझा मित्र तिथे बॉयलरच्या कारखान्यात मॅनेजर आहे. तिथे असल्या हाताची माणसं शोधताहेत.” लगोलग त्यांनी भीमराजला चाचणीला पाठवलं. कारखान्यानं त्याची जोडलेली पट्टी वाकवून पाहिली, क्ष-किरणाखाली घालून पाहिली. कुठे रेषभर चीर नाही. दिवाळीनंतर पत्र येईल म्हणाले. कायमची नोकरी. संपानंतर भीमराजच्या घरात हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

अष्टमीला जीप चांदिवलीच्या खाणींत फिरवून आणली. दगडधोंड्यांवरून अशी गेली की कीर्तिकर शिट्टी वाजवायला लागले. संध्याकाळी शेडमध्ये आल्यावर आता एकच काम उरलं होतं, आणि ते या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवे पाटे पहिल्या दणक्याला दबतात. पट्ट्यांमधलं ग्रीस बाहेर येतं, थर बसतो, आणि यू-बोल्ट दीड-दोन आटे ढिले पडतात. ते परत आवळावे लागतात. मोठ्या पान्यानं दहा मिनिटांचं काम. अंधार पडला होता, दोघं थकले होते. गुणाजी म्हणाला, “उद्या करू.”

उद्या खंडेनवमी होती.

गुणाजीच्या घराण्यात खंडेनवमी म्हणजे खंडेनवमी. गिरणीत होता तेव्हा मशीनची पूजा करायचा, आता शेडमध्ये करायचा. हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि एकदा पुजली की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भीमराज दरवर्षी आपला होल्डर आधीच खिळ्याला टांगून ठेवी. “याला कुंकू लावू नकोस, हा नागपूरला जाऊन आलाय,” म्हणे. आणि दोघं हसत.

त्या सकाळी गुणाजी उठला तो पूजेच्या घाईतच. बायको मालन फुलं घेऊन आली, आरती झाली, आणि बोल्ट डोक्यातून साफ गेले. दहाच्या सुमाराला शेजारचा पंक्चरवाला सीताराम आला. गुणाजीच्याच तालुक्यातला. एक टॅक्सी अडून बसली होती. त्यानं पाटावरचा मोठा पाना सरळ उचलला.

“दोन मिन्टां रे.”

“नेतस तर ने,” गुणाजी हसून म्हणाला, “पन ठेवताना पायां पड हां.”

सीतारामनं पाना आणून ठेवला, पाया पडला, गेला.

दुपारी दोनला भीमराज आला. पांढराशुभ्र सदरा, हातात पिशवी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून तो आणि नंदा संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला निघणार होते. जाता जाता जीप पाहायला डोकावला.

“बोल्ट आवळलेस ना?”

“राहिले रे.”

“राहिले? अरे तो कीर्तिकर उद्या सकाळी निघतोय.”

“पूजा झाली. आता उद्या हत्यारं उठवली की पहिलं ते.”

“तू उठवेपर्यंत तो कसारा चढला असेल. सरक. दहा मिनिटांत आवळतो. देव रागावलाच तर माझ्यावर रागावेल, माझं त्याचं तसंही पटत नाही.” हसत हसत भीमराज वाकला आणि पान्याकडे हात नेला.

गुणाजीनं त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“तू नको हात लावूस त्याला.”

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. भीमराजनं हात ओढून घेतला नाही. तो तसाच वाकलेला राहिला आणि खालून गुणाजीच्या तोंडाकडे बघत राहिला. हात गुणाजीनंच सोडला. भीमराज उभा राहिला, सदऱ्याची बाही खाली ओढली, पिशवी उचलली.

“बरं,” तो म्हणाला. “मग तू आवळ. विसरू नकोस.”

तो गेल्यावर गुणाजी स्टुलावर बसून राहिला. पुजलेलं हत्यार आहे, कुणालाही अडवलं असतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण कुणालाही अडवलं नव्हतं. चार तासांपूर्वी सीतारामला हसून दिला होता तोच पाना. हे आठवलं आणि त्याचे कान तापले. दहा-बारा वर्षं ज्याच्या डब्यातलं कालवण बोटांनी चाटूनपुसून खाल्लं त्याचा हात आपण धरला, तो काय विचार करून? विचार केलाच नव्हता. हात आपोआप गेला होता. आणि तेच वाईट होतं.

खरं तर तेव्हाच उठून त्यानं पाना घ्यायचा आणि चार बोल्ट आवळून टाकायचे. देवाला एक नारळ जास्त फोडला असता तर देव काही बोलला नसता. पण आता पाना उचलायचा म्हणजे पूजेचं कारण खोटं होतं हे स्वतःशी कबूल करायचं. मग भीमराजला अडवलं ते दुसऱ्याच कशासाठी तरी, हे उघडं पडलं असतं. म्हणून गुणाजीनं पाना उचलला नाही. संध्याकाळपर्यंत त्या पाटासमोर तो इतक्या भक्तीनं बसला की मालनलाही नवल वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी साडेसहालाच कीर्तिकर आले. बरोबर बायको, आई, कॅमेरा, आणि शर्यतीत शेजारी बसून रस्ता सांगणारा मेहुणा जयवंत. कीर्तिकरांच्या आईनं जीपला ओवाळलं. गुणाजीला पेढा मिळाला, सगळ्यांबरोबर फोटो निघाला. “मुंबईत अशी गाडी दुसरी नाही,” कीर्तिकर म्हणाले. दहा मिनिटं थांबा, बोल्ट राहिलेत, एवढं वाक्य गुणाजीच्या जिभेवर होतं. पण एवढ्या माणसांपुढे काम अपुरं आहे म्हणायचं? आणि मुहूर्त? परवा दगडांवरून गेलीच की गाडी, काय झालं? माणूस मनाला असली गाजरं दाखवतो आणि मन ती खातं. जीप झेंडूची माळ हलवत निघून गेली.

चौथ्या दिवशी ती ट्रकवर चढून परत आली.

मागे कीर्तिकर टॅक्सीनं आले, उजवा हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या दिवशी एका उतारावर मागचा आस जागेवरून सरकला, दांडा निसटला, आणि जीप कुशीवर पडून दोन कोलांट्या खाऊन थांबली. जयवंतचा पाय खाली आला होता. दोन ठिकाणी मोडला, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण लंगडत.

“हे बघा,” कीर्तिकर ट्रकवरच वाकून म्हणाले. “ही बैठक उपटून आलीय. वेल्डिंग सुटलंय.”

गुणाजीनं बैठक पाहिली, आणि मग यू-बोल्ट पाहिले. दोन बोल्टांचे आटे चांदीसारखे चकाकत होते. नट सैल होऊन तासन्‌तास वरखाली घासल्याशिवाय तसे आटे चकाकत नाहीत. ढिल्या बोल्टांनी पाटा हलू दिला, पाट्यानं बैठकीवर हातोड्यासारखे घाव घातले, आणि मग बैठक उपटली. एवढं त्याला एका नजरेत कळलं.

“हे वेल्डिंग कुणी केलं होतं?” कीर्तिकरांनी विचारलं.

“भीमराजनं,” गुणाजी म्हणाला.

धर्मराजाचा ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याकडे लोक कौतुकानं सांगतात. पण धर्मराजाला निदान पुढचं पुटपुटावं तरी लागलं. गुणाजीला तेवढेही कष्ट पडले नाहीत. शब्द खरा होता. वेल्डिंग भीमराजनंच केलं होतं. कीर्तिकर टॅक्सीत बसून गेले, आणि गुणाजीनं पहिलं काम काय केलं, तर चारही यू-बोल्ट काढून गोणपाटात गुंडाळले आणि भटवाडीच्या घरी नेऊन खाटेखाली सारले.

भीमराज दुसऱ्या दिवशी नागपूरहून परतला. शेडमध्ये आला तो जीपपाशी जाऊन उकिडवा बसला. उपटलेल्या बैठकीवरून बोट फिरवलं.

“बोल्ट कुठेत?”

“भंगारात टाकले. वाकले होते.”

“आवळले होतेस ना रे?” त्यानं वर न बघता विचारलं.

खरं सांगायला यापेक्षा सोपी जागा मिळाली नसती. माणूस एकटा, मित्र, समोर. गुणाजी म्हणाला, “आवळले ना. सकाळीच.”

“मग माझंच,” भीमराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी नव्हती. तिथली कातडी फिकट आणि कोवळी दिसत होती, आणि ती बघायची सोय नव्हती. गुणाजी दिवसभर गाडीखाली पडून राहिला.

त्यानंतरचे दोन आठवडे गुणाजीला कसे गेले ते त्याचं त्यालाच ठाऊक. भीमराजनं एक शब्द तक्रारीचा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. उलट तो हातातलं काम थांबवून बोलवायचा, “गुणाजी, जरा बघ रे, धरलंय का नीट?” साध्या मडगार्डच्या जोडासाठी. ज्याच्या जोडावर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती, तो आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपलं काम बघत होता. “बरोबर आहे,” गुणाजी म्हणायचा. “नक्की ना?” भीमराज विचारायचा.

दर रविवारी तो मोसंबी घेऊन पार्ल्याला जयवंतला भेटायला जाऊ लागला. कीर्तिकरांनी पहिल्यांदा त्याला दारातूनच परत पाठवला. दुसऱ्या रविवारी तो जिन्यात बसून राहिला, तेव्हा जयवंतनंच आत बोलावलं. हे सगळं भीमराज सोमवारी येऊन सांगायचा, “सळई ठीक बसलीय म्हणतात,” वगैरे. गुणाजी मान हलवायचा. मग एक दिवस भीमराजनं सांगितलं की मुलुंडहून आता पत्र यायचं नाही. कीर्तिकरांनी मित्राला कळवलं होतं. “बरोबरच आहे त्यांचं,” भीमराज म्हणाला. “बॉयलर फुटला तर पायावर भागत नाही.”

गुणाजीच्या ताटातला भात तसाच राहू लागला. मालन बायकोच ती, तिनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी खाटेखालचं गोणपाट बाहेर ओढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“ह्या काय हा ता माका सांगू नकात,” ती म्हणाली. “पन ज्याका सांगूचा त्याका जाऊन सांगा. असा अर्ध्या पोटी बसान ता जिराचा नाय.”

तिला सगळं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण तिला सांगून हलकं व्हायचं म्हणजे आणखी एक पळवाट. त्यानं गोणपाट काखोटीला मारलं.

तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार होता. कीर्तिकरांच्या दिवाणखान्यात जयवंत पाय उशीवर ठेवून आरामखुर्चीत बसला होता. गुणाजी बसला नाही. त्यानं गालिच्यावर गोणपाट सोडलं, चकाकते आटे दाखवले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. बोल्ट राहिले होते, का राहिले होते, भीमराज आवळायला आला होता, त्याला अडवलं. सीतारामचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण ते गाळलं असतं तर पुन्हा अर्धंच खरं झालं असतं.

कीर्तिकरांचा चेहरा लाल झाला. “मी त्या माणसाचं नाव दहा जणांना सांगितलं,” ते म्हणाले. “त्यांना आता काय सांगू?”

“माझं सांगा.”

“सांगतोच. तुमच्या शेडमध्ये पार्ल्यातली एक गाडी येणार नाही, बघा.”

जयवंत इतका वेळ आपल्या पायाकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, “मिस्त्री, तो इथे येऊन माझ्या पायाशी बसतो हो. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, मी माफ केलं. आणि तो रडला.”

गुणाजीला वाटलं, यापेक्षा कीर्तिकरांनी मुस्कटात मारली असती तर बरं. कीर्तिकरांनी त्याच्यादेखतच मुलुंडला फोन लावला. वेल्डरची चूक नव्हती, मिस्त्रीची होती, असं दोनदा स्पष्ट सांगितलं. पलीकडून होकार आलेला त्यांच्या तोंडावरून कळला. गुणाजी जिना उतरला. भीमराजची नोकरी आता वाचली होती. पण कठीण घर अजून पुढेच होतं.

भीमराज घाटकोपर पूर्वेला हायवेलगतच्या वस्तीत राहायचा. ऊन उतरायला आलं होतं. तो दारात स्टूल घेऊन रॉकेलचा स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता, आणि नंदा आत तांदूळ निवडत होती. गुणाजीला बघून तो हसला. “काय रे, इकडे कुठे?”

गुणाजीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. बोल्ट आवळले नव्हते. विचारलंस तेव्हा खोटं बोललो. बोल्ट लपवून ठेवले होते. आत्ता पार्ल्याला जाऊन सगळं कबूल करून आलो. बोलताना तो भीमराजच्या हातातल्या पिनकडे बघत होता.

“म्हणजे,” भीमराज सावकाश म्हणाला, “माझा जोड आधी सुटला नव्हता?”

“नाही. आधी बोल्ट सुटले. मग पाट्यानं ठोकून ठोकून तो उपटला. तिथे कुणाचाही उपटला असता.”

“आधी बोल्ट?”

“आधी बोल्ट.”

भीमराज उठला. पिन खाली पडली. “नंदा, ऐकलंस का गं? माझा जोड सुटला नव्हता!” त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं, हसला, पुन्हा चोळलं. “मी म्हणत होतो की नाही, तीन थर दिलेत, सुटेल कसा? झोपेत पण तेच थर मोजत होतो मी. चहा टाक गं.”

“कुणासाठी?” नंदा आतून म्हणाली.

“दारात माणूस आलाय. टाक.”

गुणाजी शिव्या खायला आला होता, मार खायलाही आला होता. त्याच्या हातात चहाचा कप आला. नंदानं तो देताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मुलुंडला फोन केलाय साहेबांनी,” तो म्हणाला. “पत्र येईल.”

“येईल ना. आता का नाही येणार?”

“तोवर गॅरेजात…”

“गॅरेजात मी नाही येणार.” भीमराज हे अगदी साध्या आवाजात म्हणाला. “माझा होल्डर आणि वेल्डिंगची काच नंदाचा भाऊ उद्या घेऊन जाईल. त्याला दे.”

“भीमराज, चुकलो रे. खोटं बोललो. तुझ्या पायावर डोकं ठेवतो.”

“नको ठेवूस.” भीमराज परत स्टुलावर बसला. हसू ओसरलं होतं, पण राग आलेला दिसत नव्हता. “खोटं बोललास ते मी सोडून देईन. माणूस घाबरतो. समोर साहेब, त्याचा हात गळ्यात, मेहुण्याचा पाय गेलेला. मीही घाबरलो असतो कदाचित.”

त्यानं खाली पडलेली पिन उचलली.

“पण त्या दिवशी माझं मनगट धरलंस ना, तेव्हा तू घाबरला नव्हतास.”

गुणाजीनं काही बोलायला तोंड उघडलं. पूजा होती, हत्यारं पुजलेली होती, हात आपोआप गेला, हे सगळं त्यानं इतक्यांदा स्वतःला सांगितलं होतं की ते ओठांवर तयारच होतं. तो ते बोलला नाही. कप उंबऱ्यावर ठेवून तो निघाला.

गल्ली लांब होती आणि दोन्ही बाजूंना लोक दारात बसले होते. टोकाला पोचेपर्यंत त्याला मागून भीमराजचा आवाज ऐकू येत होता. तो एकेका शेजाऱ्याला हाका मारून सांगत होता, की त्याचा जोड सुटला नव्हता.